मुक्काम सिव्हिल लाइन्समध्ये, सहल नर्मदेकाठी

दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी जवळ आली की घरातल्या ग्रुपवर फोटो पडायला लागतात. कुणी धबधब्याचा फोटो टाकतं, कुणी किल्ल्याचा, कुणी हॉटेलच्या जलतरण तलावाचा. मग एकदाचं ठरतं, तिकिटं निघतात, हॉटेल ठरतं. प्रत्यक्ष तिथे पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी ते नेहमीचं वाक्य ऐकू येतं, ‘‘तुम्ही जाऊन या गं, मी थांबते खोलीवर. माझे गुडघे काही मला साथ देणार नाहीत.’’

आजी, सासूबाई किंवा आई हे वाक्य इतक्या सहज बोलतात की आपल्यालाही ते खरं वाटतं. पण बऱ्याचदा दोष गुडघ्यांचा नसतो, मुक्कामाच्या जागेचा असतो. हॉटेल प्रेक्षणीय स्थळांपासून दूर असेल, मधे विश्रांतीला परतता येत नसेल, खोली दुसऱ्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल, तर वयस्कर माणूस आधीच हार मानतो. म्हणूनच सहल ठरवताना आधी मुक्काम नीट ठरवा.

यंदा जबलपूरचा विचार करत असाल तर ही गोष्ट आणखी महत्त्वाची. कारण जबलपूरला नर्मदा आहे. गोनीदांंच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’पासून जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’पर्यंत परिक्रमेची पुस्तकं मराठी घरांत आवडीने वाचली गेली आहेत. ज्या आजीने आयुष्यभर नर्मदेचं नाव ऐकलं, वाचलं, तिला नर्मदेच्या गावात नेऊन खोलीत टीव्हीसमोर बसवून ठेवायचं का? थोडं आधी ठरवलंत तर तशी वेळ येणार नाही.

मुक्काम सिव्हिल लाइन्समध्येच का?

जबलपूरमध्ये राहण्याचे ढोबळमानाने दोन पर्याय आहेत. एक म्हणजे थेट भेडाघाटला, नदीच्या काठावर. तिथे मध्य प्रदेश पर्यटन विभागाचं ‘मार्बल रॉक्स’ आहे, इतरही काही हॉटेलं आहेत. नवविवाहित जोडप्यासाठी, एका रात्रीसाठी ही जागा छान. दुसरा पर्याय म्हणजे शहरात, सिव्हिल लाइन्स भागात.

कुटुंब मोठं असेल, लहान मुलं आणि वयस्कर दोन्ही सोबत असतील, तर दुसरा पर्याय सोयीचा. सिव्हिल लाइन्स हा इंग्रजांच्या काळात अधिकाऱ्यांच्या वस्तीसाठी वसवलेला भाग. जुनी झाडं, मोठ्या आवारातले बंगले, सरकारी विश्रामगृहं, चर्च असं त्याचं रूप आजही बऱ्यापैकी टिकून आहे. रेल्वे स्टेशन जवळच आहे. पहाटेच्या गाडीने उतरलात तर झोपेतल्या मुलांना कडेवर घेऊन फार वेळ रिक्षात बसावं लागत नाही. औषधाचं दुकान, डॉक्टर, मॉल, जेवणाची ठिकाणं हाताशी आहेत. पर्यटन विभागाचं ‘कलचुरी रेसिडेन्सी’ याच भागात आहे. शिवाय जुन्या काळापासून प्रवाशांना माहीत असलेलं ‘जॅक्सन्स’ हे नावही इथलंच. साध्या लॉजपासून मोठ्या हॉटेलांपर्यंत सगळ्या खिशांना परवडतील अशा जागा इथे मिळतात.

इथून भेडाघाट साधारण २५ किलोमीटर, मदन महालाचा किल्ला आणि ग्वारीघाट त्याहून बरेच जवळ. म्हणजे सकाळी बाहेर पडायचं, दुपारी परत येऊन जेवून पाठ टेकायची आणि संध्याकाळी ताजंतवानं होऊन पुन्हा निघायचं, असा दिवस आखता येतो. दुपारची ही दोन तासांची विश्रांती मिळाली की आजी संध्याकाळी ‘‘मी थांबते’’ म्हणत नाही.

बुकिंगआधी हे विचारा

फोनवर फोटो बघून लगेच पैसे भरू नका. आधी हॉटेलला फोन करा आणि स्पष्ट विचारा :

• शहर तपासा. सिव्हिल लाइन्स नागपुरातही आहे, प्रयागराजमध्येही आणि दिल्लीतही. घाईत भलत्याच शहरातलं हॉटेल बुक होऊ शकतं.

• लिफ्ट आहे का? नसेल तर तळमजल्यावरची खोली मिळेल का? प्रवेशद्वाराला पायऱ्या किती?

• कमोड आहे का, बाथरूमची फरशी घसरडी तर नाही ना, गरम पाणी दिवसभर मिळतं की ठरावीक वेळेत? डिसेंबर-जानेवारीत जबलपूरची थंडी चांगलीच बोचते, त्यामुळे हा प्रश्न विसरू नका.

• आवारात लग्नाचं लॉन आहे का? लग्नसराईत बँड आणि डीजेमुळे रात्रीची झोप उडते. तारखा सांगून विचारा आणि मागच्या बाजूची खोली मागा.

• खोली ताब्यात केव्हा मिळते? गाडी पहाटे पोहोचत असेल आणि खोली दुपारी मिळणार असेल तर तोवर सामान कुठे ठेवायचं, लवकर खोली हवी असल्यास किती जादा पैसे, हे आधीच ठरवा.

• न्याहारी दरात धरली आहे का? जादा गादीचे पैसे किती? कर धरून एकूण रक्कम किती? उत्तर व्हॉट्सअॅपवर लिहून मागा.

• घरातल्या सगळ्यांची ओळखपत्रं सोबत ठेवा, मुलांचीही.

जाताना स्टेशनाच्या नावाचा घोळ टाळा. मुंबईकडून इटारसीमार्गे येणाऱ्या गाड्यांना जबलपूरच्या आधी मदन महाल हे स्टेशन लागतं आणि काही गाड्या तिथे थांबतातही. सिव्हिल लाइन्सला उतरायचं असेल तर मुख्य जबलपूर स्टेशनच गाठा. महानगरी एक्सप्रेससारख्या गाड्या मुंबईहून इथे येतात. विदर्भातल्या वाचकांना गोंदिया-बालाघाट-नैनपूर हा मार्गही आहे. पूर्वी या मार्गावर छोटी गाडी धावायची, आता ब्रॉडगेज झालं आहे. नागपूरहून मोटारीने सिवनीमार्गे गेलात तर वाटेत पेंचचं जंगल लागतं.

पहिला दिवस : नावातला महाल आणि टेकडीवरची चौकी

मुलांना आधीच सांगून ठेवा, मदन महाल म्हणजे जयपूर-उदयपूरसारखा आरशांचा राजवाडा नव्हे. नाही तर वर पोहोचल्यावर ‘‘एवढाच?’’ असा प्रश्न येणारच. गोंड राजा मदनसिंह याच्या नावाने ओळखली जाणारी ही वास्तू एका प्रचंड खडकावर बांधलेली आहे. आकाराने लहान, पण जागा अशी निवडली आहे की चारी दिशांचा मुलूख नजरेत यावा. पाहणीची चौकी म्हणून तिचा उपयोग होत असणार हे वर उभं राहिल्यावर आपोआप कळतं. मुलांना विचारा, ‘‘तू पहारेकरी असतास तर शत्रू कुठून येताना दिसला असता?’’ मग बघा, ती दगडी चौकी त्यांना राजवाड्याहून जास्त आवडते की नाही.

वर जायला पायऱ्या आहेत. ज्यांना चढणं जमणार नाही त्यांच्यासाठी याच परिसरात एक सोपी जागा आहे, बॅलन्सिंग रॉक. एका खडकावर दुसरा अवाढव्य खडक जेमतेम टेकलेला दिसतो. २२ मे १९९७ च्या भूकंपात जबलपुरातली कितीतरी घरं कोसळली, पण हा दगड जागचा हलला नाही. आजीला खाली या दगडाजवळ बसवा, एकाने सोबत थांबा, बाकीचे वर जाऊन या. मग पाळी बदला. कुणी एकटं राहायला नको.

दुपारच्या विश्रांतीनंतर भंवरताल भागातलं राणी दुर्गावती संग्रहालय बघा. कलचुरी काळातली शिल्पं इथे जवळून बघायला मिळतात. संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, त्यामुळे दिवस आखताना लक्ष ठेवा.

राणी दुर्गावतीची गोष्ट मुलींना अवश्य सांगा. ५ ऑक्टोबर १५२४ रोजी कालिंजरच्या चंदेल घराण्यात तिचा जन्म झाला. गढा राज्याच्या गोंड घराण्यातल्या दलपतशाहाशी तिचं लग्न झालं. पती लवकर गेला. मुलगा लहान होता, म्हणून कारभार तिने हाती घेतला आणि सुमारे दीड दशक राज्य चालवलं. १५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफ खान चालून आला. राणी स्वतः हत्तीवरून लढली. बाणांनी जखमी झाल्यावर शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा २४ जूनला तिने स्वतःच जीवन संपवलं. जबलपूरच्या विद्यापीठाला आज तिचंच नाव आहे.

संध्याकाळ ग्वारीघाटासाठी ठेवा. घाटावर नर्मदेची आरती होते, पाण्यावर दिवे सोडले जातात. वरच्या पायऱ्यांवर बसूनही सगळं दिसतं, त्यामुळे खाली उतरायची सक्ती नाही. एक छोटी घडीची खुर्ची किंवा जाड आसन सोबत घ्या. ही संध्याकाळ मुद्दाम पहिल्याच दिवशी ठेवा. शेवटच्या दिवसावर ढकललेली गोष्ट थकव्यामुळे राहून जाते आणि घरी परतल्यावर आजी काही बोलत नाही, पण तिला चुटपुट लागून राहते.

दुसरा दिवस : संगमरवराची नदी

भेडाघाटला सकाळी लवकर निघा. वाटेत तेवर हे गाव लागतं. हीच जुनी त्रिपुरी, कलचुरी राजांची राजधानी. मार्च १९३९ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन याच त्रिपुरीच्या नावाने भरलं होतं. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस त्या वेळी तापाने आजारी होते. शहरातला कमानिया गेट त्या अधिवेशनाची आठवण म्हणून उभा आहे.

भेडाघाटला तीन गोष्टी बघायच्या असतात आणि तिन्हींचा क्रम घरातल्या माणसांप्रमाणे लावायचा असतो.

पहिली नौकाविहार. पंचवटी घाटावरून नाव निघते आणि दोन्ही बाजूंच्या संगमरवरी कड्यांमधून जाते. पांढरे, राखाडी, काळसर, मधेच गुलाबी छटेचे खडक उन्हाप्रमाणे रंग बदलतात. एका ठिकाणी कडे इतके जवळ येतात की पूर्वी माकडं इकडून तिकडे उड्या मारायची म्हणे, म्हणून त्या जागेला ‘बंदर कूदनी’ म्हणतात. नावाडी यमकं जुळवत, सिनेमांची नावं घेत असं काही वर्णन करतात की मुलं खळखळून हसतात. ‘जिस देश में गंगा बहती है’ या राज कपूरच्या सिनेमाचं चित्रीकरण इथे झालं होतं हे आजी-आजोबांना कळलं की त्यांचाही चेहरा खुलतो. घाटाला पायऱ्या आहेत आणि नावेत चढताना आधार लागतो, म्हणून दोघांनी दोन बाजूंनी हात द्या. जीवरक्षक जॅकेट सगळ्यांनी घाला. नावाडी नको म्हणाला तरी घाला. पावसाळ्यात नौकाविहार बंद असतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. शरद पौर्णिमेच्या सुमारास इथे नर्मदा महोत्सव होतो, त्या वेळी गर्दी असते म्हणून हॉटेल बरंच आधी ठरवा.

दुसरी धुवांधार. नर्मदा अरुंद होत होत इथे खाली झेपावते आणि तुषारांचा धूर वर उठतो, म्हणून हे नाव. वाहनतळापासून दुकानांच्या रांगेतून थोडं चालावं लागतं. चालणं अवघड असेल तर रोपवे सुरू आहे का याची चौकशी करा. त्यातून नदी ओलांडताना धबधबा वरून दिसतो. इथे एका बाबतीत मात्र अजिबात भीड बाळगू नका. कठड्याबाहेरचे खडक ओले आणि गुळगुळीत असतात. सेल्फीसाठी कुणी पलीकडे जाऊ लागलं तर ठणकावून अडवा, मग तो घरातला जावई का असेना.

तिसरं चौसष्ट योगिनी मंदिर. दहाव्या शतकातलं हे मंदिर गोलाकार आणि उघड्या आकाशाखालचं आहे. भिंतीच्या कडेने योगिनींच्या मूर्ती बसवल्या आहेत. नाव चौसष्टचं असलं तरी इथल्या कोनाड्यांची संख्या ८१ आहे. मुलांना मोजायला लावा. मधोमध गौरीशंकराचं देऊळ आहे. बऱ्याच मूर्ती भंगलेल्या आहेत, तरी त्यांच्या दागिन्यांचं बारीक कोरीवकाम बघत राहावंसं वाटतं. इथे दीडशेच्या आसपास पायऱ्या आहेत. हे ठिकाण आजीच्या यादीतून वगळायचं की हळूहळू थांबत चढायचं, हे तिलाच ठरवू द्या. आपण तिच्या वतीने ‘‘तुला नाही जमणार’’ म्हणायचं नाही. चढली नाही तर तोवर खालच्या दुकानांत मऊ दगडाच्या मूर्ती आणि डब्या बघता येतात. त्या संगमरवराच्या म्हणून विकल्या जात असल्या तरी बहुतेक सोपस्टोनच्या असतात, त्याप्रमाणे भाव करा.

शाळकरी मुलांसाठी आणखी एक आकर्षण. आशियातले डायनोसॉरचे पहिले जीवाश्म जबलपुरातच सापडले. १८२८ मध्ये विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला बडा शिमला टेकडीपाशी ती हाडं मिळाली. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन तो हाच. पुढे १८७७ मध्ये त्यांतल्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असं नाव मिळालं. भेडाघाट आणि लमेटाघाट परिसराचा समावेश २०२१ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत झाला आहे.

तिसरा दिवस : खरा राजवाडा बघायचाय?

हाताशी तिसरा दिवस असेल आणि मुलांचा ‘‘राजवाडा कुठाय?’’ हा प्रश्न अजून संपला नसेल, तर मंडला जिल्ह्यातल्या रामनगरला जा. जबलपूरहून मंडला साधारण शंभर किलोमीटर आणि तिथून पुढे रामनगर. गोंड राजा हृदयशाहाने सतराव्या शतकात बांधलेला मोती महाल इथे नर्मदेच्या काठावर उभा आहे. मधल्या चौकात हौद, सभोवती दालनं, बाहेर शांत वाहणारी नदी. गर्दी नसते, गोंगाट नसतो. जवळच काळ्या दगडांच्या खांबांची रास पडावी तशी एक टेकडी आहे. हे खांब कुणी घडवलेले नाहीत, लाव्हारस थंड होताना ते तसे तयार झाले. जाता-येता बरेलाजवळ राणी दुर्गावतीची समाधीही बघून होते.

दिवसभराची मोटार ठरवताना चालकाचं जेवण, टोल आणि रात्रीचा जादा आकार यांचं आधीच बोलून घ्या. आजीला पुढची जागा द्या आणि दर दीड तासाने थांबा. डबा सोबत असू द्या, कारण रामनगरला मनाजोगतं जेवण मिळेलच असं नाही.

या महालात उभं राहिल्यावर मराठी माणसाने एक गोष्ट आठवायला हवी. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचं हे राज्य संपवलं ते सागरच्या मराठ्यांनी. पुढे १७९८ मध्ये पेशव्यांनी हा मुलूख नागपूरच्या भोसल्यांना दिला आणि १८१७-१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. आपण आपल्या मुलांना अटकेपार झेंड्याची गोष्ट अभिमानाने सांगतो. त्याच फौजांमुळे कुणाचं तरी अडीच-तीनशे वर्षांचं राज्य बुडालं, हेही याच सहलीत सांगता येईल. मुलांना इतिहास दोन्ही बाजूंनी कळला तर त्यांचं नुकसान नाही, उलट ती अधिक समंजस होतील.

परकं नसलेलं गाव

जबलपूर आपल्याला तसं परकं नाहीच. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेली रेल्वे आणि कोलकात्याकडून आलेली रेल्वे इथेच एकमेकींना मिळाल्या आणि देशाची दोन टोकं जोडली गेली. १९२३ चा झेंडा सत्याग्रह इथे सुरू झाला आणि नागपुरात पेटला. ‘झाँसी की रानी’ लिहिणाऱ्या सुभद्राकुमारी चौहान याच शहरात राहिल्या आणि त्या सत्याग्रहात होत्या. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जबलपूर आणि विदर्भ एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर होती. त्या दिवशी राज्यं बदलली आणि नागपूरचं उच्च न्यायालय मध्य प्रदेशचं उच्च न्यायालय म्हणून जबलपूरला आलं. त्यामुळे बाजारात कुणी तुमचं बोलणं ऐकून मराठीत ‘‘कुठले तुम्ही?’’ असं विचारलं तर दचकू नका.

खाण्याचं सांगायचं तर सकाळी पोहे-जिलेबी, संध्याकाळी मूगडाळीचे गरमागरम मंगोडे आणि जेवणानंतर खव्याची काळपट जिलेबी. हिवाळ्यात इथल्या मटारांना तोड नाही. मधुमेह असणाऱ्यांनी खव्याची जिलेबी चौघांत एक घ्यावी, म्हणजे चवही कळते आणि पथ्यही पाळलं जातं.

शेवटची रात्र

शेवटच्या रात्री सामान बांधून झालं की लगेच झोपू नका. सिव्हिल लाइन्सच्या झाडांखालून सगळ्यांनी मिळून एक फेरी मारा. रस्ता सपाट आहे, कुणालाही चालता येईल. चालता चालता प्रत्येकाला विचारा, काय आवडलं? मुलं बहुधा नावाड्याची यमकं म्हणून दाखवतील. बाबा हॉटेलच्या बिलाबद्दल बोलतील. आजीला मात्र शेवटी विचारा आणि तिचं बोलणं मधेच तोडू नका. या वेळी तिच्याकडेही सांगण्यासारखं खूप काही असेल.